रिकाम्या झालेल्या वाटा : इंग्लंडच्या ग्रामीण भागातील सायकल-भ्रमंतीचा इतिहास

इंग्लंडच्या ग्रामीण भागात सायकलवरून सावकाश हिंडण्याची, वाटेतल्या गावात मुक्काम करण्याची आणि शक्य तितके वर्दळीपासून दूर राहण्याची परंपरा सुमारे दीडशे वर्षांची आहे. शर्यतीतला सायकलस्वार वेळ मोजतो, कामावर जाणारा अंतर मोजतो. भ्रमंती करणाऱ्याला, ज्याला तिकडे ‘टूरिंग सायकलिस्ट’ म्हणतात, रस्ताच हवा असतो आणि तोही शांत. असे शांत रस्ते ही इंग्लंडच्या भूगोलाची देणगी आहे, असा समज सर्वत्र आढळतो. इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. गेल्या दोन शतकांत पुन्हा पुन्हा असे घडले, की एखाद्या नव्या वाहनाने जुन्या वाहनाची रहदारी ओढून घेतली, जुनी वाट ओस पडली आणि त्या ओस वाटेवर सायकलस्वार येऊन दाखल झाला. त्याच्या वाट्याला आलेली शांतता ही इतरांच्या व्यवहारातून उरलेली शिल्लक होती आणि तिच्यावर त्याचा कोणताही लेखी हक्क नसल्याने ती त्याच्या हातून निसटतही गेली.

या वाटांची घडण सायकलीपेक्षा कितीतरी जुनी आहे. ग्रामीण इतिहासाचे अभ्यासक ऑलिव्हर रॅकम यांनी इंग्लंडच्या भूप्रदेशाची ‘प्राचीन’ आणि ‘नियोजित’ अशी विभागणी केली आहे. डेव्हन, केंट, हेरफर्डशर यांसारख्या प्राचीन घडणीच्या भागांत वस्त्या विखुरलेल्या, शेते लहान आणि वेडीवाकडी, आणि त्यांना जोडणाऱ्या अरुंद वाटांचे जाळे दाट असते; या वाटांना इंग्लंडमध्ये ‘लेन’ म्हणतात, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना ‘हेज’, म्हणजे जिवंत झुडपांचे राखलेले कुंपण, असते. मऊ खडकाच्या प्रदेशात शतकानुशतके चाललेल्या गुरांच्या खुरांनी, गाड्यांच्या चाकांनी आणि पावसाच्या पाण्याने काही लेन आजूबाजूच्या शेतांच्या पातळीखाली कित्येक फूट खचल्या आहेत. अशा खोलगट वाटेला ‘हॉलोवे’ असे नाव आहे. याउलट मध्य इंग्लंडच्या नियोजित पट्ट्यात अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत संसदेच्या कायद्यांनी सामायिक शेतजमिनी आणि गायराने खाजगी मालकीत वाटून दिली गेली. ‘एन्क्लोजर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वाटणीत सर्वेक्षकांनी कागदावर आखलेले, सरळ आणि पुष्कळदा चाळीस फूट रुंदीचे रस्ते अस्तित्वात आले. जमिनीवरचा परंपरागत हक्क गमावलेल्या लहान शेतकऱ्याला आणि मजुराला या बदलाची किंमत मोजावी लागली, ही गोष्ट त्या रस्त्यांच्या आजच्या देखणेपणाकडे पाहताना विसरून चालत नाही.

लांब पल्ल्याच्या रस्त्यांची कथा निराळी आहे. अठराव्या शतकात ते ‘टर्नपाइक ट्रस्ट’ या स्थानिक विश्वस्त मंडळांकडे सोपवले गेले. ही मंडळे नाक्यावर पथकर घेत आणि त्यातून रस्त्याची डागडुजी करीत. १८३० च्या दशकात अशी हजारांहून अधिक मंडळे सुमारे २२,००० मैल रस्ते सांभाळत होती. ठरलेल्या टप्प्यांवर घोडे बदलत वेगाने धावणाऱ्या प्रवासी गाड्या, म्हणजे ‘स्टेजकोच’, आणि त्यांच्या उताऱ्यांसाठी बांधलेल्या प्रशस्त सराया यांचा तो भरभराटीचा काळ होता. १८३० मध्ये लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वे सुरू झाली आणि त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत लोहमार्गांनी दूरचा प्रवासी आणि माल दोन्ही आपल्याकडे ओढले. स्टेजकोच बंद पडल्या, पथकराचे उत्पन्न आटले, ट्रस्ट एकामागून एक विसर्जित झाले आणि सरायांचे तबेले रिकामे झाले. १८७० च्या सुमारास इंग्लंडमधील हमरस्त्यांवर लांब पल्ल्याची रहदारी जवळजवळ उरली नव्हती. बाजाराला निघालेल्या शेतकऱ्याची गाडी आणि मेंढरांचा कळप एवढीच काय ती वर्दळ. सायकल नेमकी याच पोकळीत अवतरली.

त्या वेळची सायकल म्हणजे पुढे मोठे आणि मागे लहान चाक असलेली उंच सायकल. ती महाग होती, तिच्यावरून पडल्यास हाड मोडण्याची शक्यता मोठी होती आणि त्यामुळे तिचा स्वार बहुधा सुखवस्तू घरातला तरुण असे. ओस रस्त्यावर आलेल्या या पाहुण्याचे स्वागत सर्वत्र झाले नाही. घोडे बुजतात अशी तक्रार गाडीवान करीत, आणि १८७६ मध्ये सेंट ऑल्बन्स मार्गावर एका कोचच्या चालकाने सायकलस्वारावर चाबूक ओढला, तर त्याच्या साथीदाराने दोरीला बांधलेला लोखंडी गोळा चाकावर फेकला, हे प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. रस्ता रिकामा असला तरी तो आपला आहे हे सिद्ध करण्यासाठी संघटना लागते, असा धडा या अनुभवांतून निघाला.

ऑगस्ट १८७८ मध्ये यॉर्कशरमधील हॅरोगेट येथे स्टॅन्ली कॉटरेल या तरुणाच्या पुढाकाराने ‘बायसिकल टूरिंग क्लब’ स्थापन झाला. तीनचाकी चालवणाऱ्यांनाही सामावून घेता यावे म्हणून १८८३ मध्ये त्याचे नाव ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’, म्हणजे सी.टी.सी., असे झाले. ही संस्था २०१६ पासून ‘सायकलिंग यू.के.’ या नावाने काम करते. केवळ भ्रमंतीसाठी संघटना काढण्याची ही कल्पना त्या काळी नवी होती आणि तिने जी व्यवस्था उभी केली ती आजच्या पर्यटन-व्यवसायाची पूर्वपीठिका मानता येईल. क्लबने गावोगावी ‘कॉन्सल’ नेमले. हा स्थानिक सभासद आलेल्या सायकलस्वाराला रस्त्यांची, दुरुस्तीची आणि मुक्कामाची माहिती देई. सरायांशी ठरावीक दराचे करार झाले आणि करार केलेल्या सरायांच्या भिंतीवर पंख असलेल्या चाकाचे चिन्ह झळकू लागले, त्यातले काही बिल्ले जुन्या इमारतींवर अजूनही दिसतात. स्टेजकोचबरोबर मरणपंथाला लागलेल्या सरायांना यामुळे नवे गिऱ्हाईक मिळाले. लंडनच्या नैर्ऋत्येला पोर्टस्मथ मार्गावरील रिप्ली या गावची ‘अँकर’ ही सराय तर उंच सायकलींच्या काळात लंडनकर सायकलस्वारांचे तीर्थक्षेत्र झाली होती, आणि ती चालवणाऱ्या डिबल भगिनींच्या स्मरणार्थ सायकलस्वारांनी गावच्या चर्चमध्ये रंगीत काचेची खिडकी बसवली.

क्लबने उतारांची जबाबदारीही घेतली. त्या काळच्या ब्रेकना तीव्र उतारावर भरवसा नसे, म्हणून सी.टी.सी. आणि शर्यतींचे नियमन करणारी ‘नॅशनल सायक्लिस्ट्स युनियन’ या दोन संस्थांनी देशभर धोक्याच्या टेकड्यांच्या माथ्यावर लोखंडी इशारापाट्या उभारल्या. रस्त्यावरील संकटाची आगाऊ सूचना देणाऱ्या या पाट्या सरकारी नव्हत्या, त्यांचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून झाला. नकाशांच्या बाबतीतही तसेच घडले. एडिंबरोच्या बार्थोलोम्यू या नकाशाकारांनी एका मैलाला अर्धा इंच या प्रमाणाचे नकाशे काढले, त्यांत जमिनीची उंची रंगांच्या थरांनी दाखवली. हिरव्या सखल भागाकडून तपकिरी डोंगराकडे जाताना किती दम लागणार याचा अंदाज नजरेनेच येई. या नकाशांतील चुका आणि रस्त्यांची बदललेली अवस्था कळवण्याचे काम सी.टी.सी.च्या सभासदांनी केले.

कायद्याच्या बाजूने मोठा टप्पा १८८८ च्या ‘लोकल गव्हर्नमेंट ॲक्ट’ने गाठला. तोपर्यंत प्रत्येक परगणा आणि शहर सायकलीवर आपापले निर्बंध घालू शकत होते. या कायद्याच्या ८५ व्या कलमाने सायकलीला ‘कॅरेज’, म्हणजे रस्त्यावर चालण्याचा अधिकार असलेले वाहन, ठरवले आणि स्थानिक निर्बंध रद्द केले. त्या बदल्यात रात्री दिवा लावणे आणि पुढच्याला ओलांडताना घंटा वाजवणे बंधनकारक झाले. त्यामुळे रस्त्यावर चालण्याचा हक्क मिळाला. तो रस्ता शांत राहील याची हमी मात्र या कायद्यात नव्हती, कारण तशी हमी मागण्याची गरज १८८८ मध्ये कोणालाच भासली नव्हती.

याच सुमारास यंत्र बदलले. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळी असलेली ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली, तर १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. पडण्याचे भय आणि हाडे खिळखिळी करणारे हादरे असे दोन्ही अडथळे दूर होताच मध्यमवर्ग सायकलीकडे वळला आणि १८९० च्या दशकाच्या मध्यात या वेडाने कळस गाठला. सी.टी.सी.ची सभासदसंख्या १८९९ मध्ये साठ हजारांवर गेली. एच. जी. वेल्स यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द व्हील्स ऑफ चान्स’ या कादंबरीचा नायक कापडाच्या दुकानातील नोकर आहे आणि तो वर्षातील आपली सुटी दक्षिण इंग्लंडमध्ये सायकलवर घालवतो. ग्रामीण प्रदेश पाहण्याचा अधिकार पगारदार नोकरापर्यंत उतरू लागल्याची ही नोंद आहे. रॉबर्ट ब्लॅचफर्ड यांच्या ‘क्लॅरियन’ या समाजवादी साप्ताहिकाच्या वाचकांनी १८९४ मध्ये बर्मिंगहॅम येथे काढलेला सायकल क्लब याच प्रवाहाचे राजकीय रूप होते, कारण त्याचे सभासद रविवारी खेड्यांत हिंडता हिंडता तिथे समाजवादी पत्रके आणि अंकही पोहोचवीत.

स्त्रियांच्या बाबतीत रस्ता मोकळा होता, पण सरायीचे दार नेहमी उघडे नव्हते. १८९८ च्या ऑक्टोबरमध्ये लेडी हार्बरटन या सरे परगण्यातील ओकम येथील ‘हॉटबॉय’ या हॉटेलात पोहोचल्या. त्यांच्या अंगावर ‘रॅशनल ड्रेस’, म्हणजे लांब घागऱ्याऐवजी सायकल चालवण्यास सोयीचा तुमानीसारखा पोशाख, होता. मालकिणीने त्यांना भोजनकक्षात बसू देण्यास नकार दिला आणि दारूच्या गुत्त्याला लागून असलेली खोली दाखवली. हॉटेल सी.टी.सी.च्या करारातील असल्याने क्लबने मालकिणीवर खटला भरला, परंतु १८९९ मध्ये निकाल क्लबच्या विरुद्ध गेला. न्यायालयात हार झाली तरी वृत्तपत्रांतील चर्चेमुळे हा प्रश्न देशभर पोहोचला.

सायकलस्वारांच्या पुढच्या कार्यात एक विपरीत योगायोग दडलेला आहे. ओस पडलेल्या हमरस्त्यांची दुर्दशा झाली होती, म्हणून १८८६ मध्ये सी.टी.सी. आणि युनियन यांनी ‘रोड्स इम्प्रूव्हमेंट असोसिएशन’ स्थापन केली आणि रस्ते कसे राखावेत याविषयी पत्रके छापून स्थानिक अधिकाऱ्यांना पाठवली. या संस्थेच्या कामातून पुढे आलेले विल्यम रीस जेफ्रीज हे मुळात सायकलस्वार आणि सी.टी.सी.चे कार्यकर्ते होते; १९१० मध्ये ते केंद्रीय ‘रोड बोर्डा’चे सचिव झाले आणि नंतरच्या ‘ए’ व ‘बी’ रस्त्यांच्या वर्गीकरणामागेही त्यांचे प्रयत्न होते. धुळीचा बंदोबस्त करणाऱ्या डांबरमिश्रित खडीचे पेटंट नॉटिंगहॅमशरचे सर्वेक्षक पर्नेल हूली यांनी १९०२ मध्ये घेतले होते आणि ‘टारमॅक’चा गुळगुळीत पृष्ठभाग हळूहळू हमरस्त्यांवर पसरला. सायकलस्वारांनी ज्या रस्त्यांसाठी चळवळ केली ते त्यांना मिळाले खरे, पण त्या रस्त्यांचा मुख्य लाभार्थी ठरला मोटारवाला. ब्रिटनमध्ये १९०४ साली खाजगी मोटारी सुमारे ८,००० होत्या, १९३० पर्यंत त्या दहा लाखांवर गेल्या आणि १९३९ मध्ये वीस लाखांच्या घरात पोहोचल्या. रेल्वेने रिकामा केलेला हमरस्ता मोटारीने पुन्हा भरून टाकला होता.

यानंतर सायकलस्वाराने आपला मोहरा हमरस्त्यावरून आडरस्त्यांकडे वळवला. इंग्लंडची ग्रामीण लेन ही सायकलभ्रमंतीची खरी भूमी आहे, ही आज स्वयंसिद्ध वाटणारी कल्पना प्रत्यक्षात दोन महायुद्धांमधील या माघारीतून जन्मली. उंच सायकलीचा स्वार हमरस्ताच पसंत करी, कारण त्याला कठीण आणि सपाट पृष्ठभाग हवा होता. त्याच्या नातवाला मात्र वाकडी, अरुंद, हिरवी वाट हवीशी झाली. ही आवड घडवण्यात छापील माध्यमांचा वाटा मोठा होता. फ्रँक पॅटर्सन या चित्रकाराने १८९० च्या दशकापासून १९५२ मध्ये मृत्यू होईपर्यंत ‘सायकलिंग’ हे साप्ताहिक आणि सी.टी.सी.चे गॅझेट यांसाठी शाईने हजारो रेखाचित्रे काढली. जुने पूल, गवताच्या छपरांची घरे, सरायांचे दरवाजे आणि भिंतीला टेकवलेली सायकल हे त्यांचे नेहमीचे विषय होते, आणि मोटार त्यांत क्वचितच दिसे. ‘वेफेअरर’ या टोपणनावाने लिहिणारे डब्ल्यू. एम. रॉबिन्सन यांनी त्याच्याही पुढे जाऊन डांबर नसलेल्या डोंगरवाटा आणि खिंडी सायकल ढकलत ओलांडण्याचा पुरस्कार केला. त्यांच्या लेखनाने घडलेल्या पिढीतूनच १९५५ मध्ये हेरफर्डशरमधील लेमस्टर येथे ‘रफ स्टफ फेलोशिप’ ही खडतर वाटांवरच्या सायकलस्वारांची संस्था निघाली.

१९३० च्या दशकात या भ्रमंतीला कामगारवर्गाची साथ मिळाली. बर्मिंगहॅमच्या हर्क्युलिस कारखान्याची सायकल चार पौंडांच्या आत मिळू लागली होती. हे नाव आणि नॉटिंगहॅमच्या रॅलेचे नाव पुढे भारतात तयार झालेल्या सायकलींमुळे महाराष्ट्रातील घराघरांतही पोहोचले. १९३० मध्ये ‘यूथ होस्टेल्स असोसिएशन’ स्थापन झाली. एका रात्रीला एक शिलिंग घेऊन ही संस्था तरुणांना साधा बिछाना देत असे आणि मुक्कामाला येणाऱ्याने पायी, सायकलने अथवा अन्य प्रकारे स्वतःच्या श्रमाने यावे, मोटारीने नव्हे, असा तिचा अनेक वर्षे नियम होता. गिरण्यांच्या आणि कारखान्यांच्या शहरांतून शनिवारी दुपारी निघालेले जथे डर्बीशरच्या डोंगराळ ‘पीक डिस्ट्रिक्ट’मध्ये किंवा यॉर्कशरच्या दऱ्यांमध्ये रात्र काढून रविवारी परतत. त्या वेळी वॉरिकशरमध्ये असलेल्या मेरिडेन या गावी पहिल्या महायुद्धात पडलेल्या सायकलस्वारांचे स्मारक १९२१ मध्ये उभारले गेले होते. तेथील वार्षिक मेळावा या समाजाच्या एकजुटीचे दृश्य रूप होता.

शांतता टिकवण्याच्या प्रश्नावर मात्र या समाजात एकमत नव्हते, आणि जे मत प्रबळ होते ते पुढे महागात पडले. १९३४ मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे मरण पावली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनी लंडनच्या वेस्टर्न अव्हेन्यूलगत सायकलींसाठी स्वतंत्र पट्टा खुला केला. सी.टी.सी.चे सचिव जी. एच. स्टॅन्सर आणि त्यांचे सहकारी यांनी अशा पट्ट्यांना कडाडून विरोध केला. आज पट्टा ऐच्छिक आहे, उद्या तो सक्तीचा होईल आणि १८८८ मध्ये मिळवलेला रस्त्याचा हक्क जाईल, अशी त्यांची भीती होती, आणि नव्या पट्ट्याचा निकृष्ट पृष्ठभाग पाहता ती अगदीच निराधार नव्हती. परंतु हक्क राखताना सुरक्षित जागा मागायची राहून गेली. ज्या काळात नेदरलँड्समध्ये सायकलींचे स्वतंत्र पट्टे वाढत होते, त्या काळात इंग्लंडमधील सायकलस्वारांची सर्वांत मोठी संघटना ते नकोत म्हणून झगडत होती.

दुसऱ्या महायुद्धाने रस्ते पुन्हा एकदा रिकामे केले. पेट्रोलवर नियंत्रण आले आणि १९४२ मध्ये खाजगी वापराचा सर्वसाधारण पेट्रोल-वाटा पूर्णपणे बंद झाला. शत्रूला वाट सापडू नये म्हणून १९४० मध्ये चौकाचौकांतील दिशादर्शक पाट्याही काढून घेण्यात आल्या होत्या, त्यामुळे रस्ता रिकामा होता पण नवख्याला तो ओळखणे अवघड होते. पेट्रोलचे नियंत्रण मे १९५० मध्ये उठले. १९४९ मध्ये ब्रिटनमध्ये सायकलवरून सुमारे १५ अब्ज मैल प्रवास झाला होता. १९७३ पर्यंत हा आकडा अडीच अब्जांच्याही खाली आला. हप्त्यांवर मोटार घेणे शक्य झालेल्या कामगाराने सायकल विकली, सरायांच्या भिंतीवरचे पंखांचे चाक गंजले आणि भ्रमंती हा काही थोड्या निष्ठावंतांचा छंद उरला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या मोटरवेवर सायकलीला बंदी होती, पण त्यांनी दूरचे मालट्रक आपल्याकडे खेचल्याने काही जुन्या मार्गांवरचा भार हलका झाला, हाही त्याच जुन्या न्यायाचा एक लहान प्रत्यय होता.

त्या न्यायाचा मोठा प्रत्यय रेल्वेच्या ओहोटीतून आला. ज्या लोहमार्गांनी स्टेजकोचचे रस्ते ओस पाडले होते, त्यांची गिऱ्हाइके आता मोटारीने पळवली. १९६३ मध्ये ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष रिचर्ड बीचिंग यांनी सादर केलेल्या अहवालात दोन हजारांहून अधिक स्थानके आणि सुमारे ५,००० मैलांचे मार्ग बंद करण्याची शिफारस होती. ग्रामीण स्थानके गेल्याने सायकल गार्डच्या डब्यात टाकून आडगावी उतरण्याची जुनी सोय संपली. परंतु रूळ उखडल्यानंतर मागे उरलेली जमीन सायकलीसाठी विलक्षण अनुकूल होती. इंजिनाला तीव्र चढ चालत नसल्याने लोहमार्ग डोंगर कापून, दरीत भराव टाकून आणि नद्यांवर उंच पूल बांधून जवळजवळ सपाट ठेवलेला असे, त्याला मोटाररस्ते क्वचितच आडवे येत आणि तो गावांना जोडत असे.

हे ओळखणाऱ्यांत पीक डिस्ट्रिक्टचे नियोजन मंडळ आघाडीवर होते. ॲशबोर्नहून उत्तरेला ‘पार्सले हे’ या ठिकाणी जाणारा बंद मार्ग मंडळाने विकत घेतला आणि तेरा मैलांची ही ‘टिसिंग्टन ट्रेल’ १९७१ मध्ये चालणारे, सायकलस्वार आणि घोडेस्वार यांच्यासाठी खुली केली. तिला येऊन मिळणारी ‘हाय पीक ट्रेल’ १८३० च्या दशकाच्या प्रारंभी सुरू झालेल्या क्रॉमफर्ड–हाय पीक रेल्वेच्या वाटेवरून जाते. या मार्गावर काही ठिकाणी चढ इतका तीव्र होता, की डबे माथ्यावरच्या वाफेच्या यंत्राने दोराने ओढावे लागत, आणि मिडलटन टॉप येथील १८२९ चे असे यंत्र आजही जपलेले आहे. जवळच्या मॉन्सल दरीतून रेल्वे नेली म्हणून जॉन रस्किन यांनी एकोणिसाव्या शतकात संताप व्यक्त केला होता. तो मार्ग १९६८ मध्ये बंद झाला, त्याचे बोगदे २०११ मध्ये सायकलींना खुले झाले, आणि रस्किन यांना दरीचा विध्वंस वाटलेला पूल आता दरीच्या सौंदर्याचा भाग म्हणून जतन केला जातो.

शहरापासून निघणाऱ्या वाटेचा पहिला मोठा प्रयोग ब्रिस्टलमध्ये झाला. १९७७ मध्ये तेथील पर्यावरणवादी सायकलस्वारांनी ‘सायकलबॅग’ हा गट स्थापन केला आणि अभियंते जॉन ग्रिमशॉ यांच्या नेतृत्वाखाली ब्रिस्टल–बाथ या बंद पडलेल्या मिडलँड रेल्वेच्या मार्गावर काम सुरू केले. १९७९ मध्ये पहिला टप्पा स्वयंसेवकांनी खडी पसरून तयार केला आणि १९८६ पर्यंत तेरा मैलांची वाट पूर्ण झाली. याच गटातून ‘सस्ट्रान्स’ ही विश्वस्त संस्था उदयास आली. १९८० च्या दशकात सरकारने बेरोजगारांसाठी चालवलेल्या कामांच्या योजनेतील मजूर या संस्थेने वाटा बांधण्यासाठी वापरले. कारखाने आणि खाणी बंद पडल्याने रिकामे झालेले हात रेल्वे बंद पडल्याने रिकाम्या झालेल्या जमिनीवर काम करत होते. आयरिश समुद्रावरील व्हाइटहेवन किंवा वर्किंग्टनपासून उत्तर समुद्रावरील सन्डरलंड किंवा टाइनमथपर्यंत जाणारा, १९९४ मध्ये खुला झालेला सुमारे १४० मैलांचा ‘सी टू सी’ मार्ग हे या स्थित्यंतराचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. हार्टसाइडची १,९०० फुटांहून उंच खिंड आणि शिशाच्या जुन्या खाणींचा प्रदेश ओलांडून तो कॉन्सेट या गावी येतो, जेथील पोलाद कारखाना १९८० मध्ये बंद झाला, आणि तेथून खनिज व कोळसा वाहणाऱ्या जुन्या लोहमार्गाने समुद्राकडे उतरतो.

१९९५ मध्ये राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून सस्ट्रान्सला ४ कोटी ३५ लाख पौंडांचे अनुदान मिळाले आणि जून २००० मध्ये ५,००० मैलांचे ‘नॅशनल सायकल नेटवर्क’ खुले झाले. पुढे ते १६,००० मैलांच्या पलीकडे वाढले. परंतु २०१८ मध्ये संस्थेने स्वतःच केलेल्या पाहणीत त्यातला जेमतेम एक तृतीयांश भाग मोटारमुक्त असल्याचे आणि बाकीचा सामान्य रस्त्यांवरूनच जात असल्याचे नमूद झाले, आणि २०२० मध्ये असुरक्षित ठरलेला जवळजवळ पाव हिस्सा या जाळ्यातून वगळण्यात किंवा अनुभवी सायकलस्वारांपुरता राखण्यात आला. या जाळ्याची निळी पाटी लावल्याने रस्ता शांत होत नाही, ही त्यामागची कबुली होती.

कायद्यानेही काही पावले टाकली. १९६८ च्या ‘कंट्रीसाइड ॲक्ट’ने घोडवाटांवर, म्हणजे ‘ब्राइडलवे’वर, सायकल नेण्यास परवानगी दिली, मात्र चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यावी अशी अट घातली. २००० च्या ‘ट्रान्सपोर्ट ॲक्ट’मध्ये ‘क्वाएट लेन’ हा नवा वर्ग निर्माण झाला. नॉर्फक आणि केंटमधील प्रयोगांवर आधारलेल्या या तरतुदीनुसार ग्रामीण लेन चालणारे, सायकलस्वार, घोडेस्वार आणि मोटारी यांनी सामोपचाराने वापरावी अशी अपेक्षा आहे. पण ही पाटी मोटारीला मज्जाव करत नाही. पाटी नसलेल्या बहुतेक ग्रामीण लेनवर, दोन मोटारी एकमेकींना ओलांडू शकत नाहीत इतक्या अरुंद लेनवरसुद्धा, कायद्याने कमाल वेगमर्यादा ताशी ६० मैल आहे.

२०२० मध्ये कोविडच्या साथीतील निर्बंधांमुळे मोटारी घरी थांबल्या, तेव्हा ब्रिटनमधील सायकलप्रवास एका वर्षात ४५ टक्क्यांहून अधिक वाढून सुमारे ५ अब्ज मैलांवर गेला. त्यासाठी नवे मार्ग बांधावे लागले नाहीत. मोटारी कमी होताच लोक आपणहून सायकली घेऊन बाहेर पडले आणि निर्बंध उठताच संख्या पुन्हा घसरली. एकोणिसाव्या शतकातील हमरस्ता, युद्धकाळातील लेन आणि साथीच्या काळातील शहराबाहेरचा रस्ता या तिन्ही ठिकाणची शांतता उधारीची होती, म्हणून ती टिकली नाही. जेथे जमीन विकत घेतली गेली किंवा मोटारीला स्पष्ट मज्जाव करण्यात आला, तेथेच ती टिकली. टिसिंग्टनची वाट पन्नास वर्षे उलटूनही मोटारमुक्त आहे, तर सायकलस्वारांच्या पहिल्या पिढीने गाजवलेला लंडन–पोर्टस्मथ मार्ग आज ए-३ नावाचा महामार्ग आहे.